होम्सशिवायचा होम्स: जेरेमी ब्रेट आणि दहा वर्षं चाललेली एक भूमिका

४ एप्रिल १९९४ रोजी ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर शेरलॉक होम्स मालिकेतला 'द मॅझरिन स्टोन' हा भाग लागला. मौल्यवान हिरा चोरीला गेलेला, चोर सराईत, सरकारची अब्रू पणाला लागलेली. सगळं नेहमीसारखं. फक्त तपास करायला होम्स नव्हता. त्याचा थोरला भाऊ मायक्रॉफ्ट, म्हणजे चार्ल्स ग्रे हा नट, चोराचा माग काढत होता. होम्स सुरुवातीला आणि शेवटी जेमतेम दिसला. कॉनन डॉईलच्या मूळ कथेत मायक्रॉफ्टचा पत्ताच नाही. त्याला आणावं लागलं, कारण होम्स करणारा जेरेमी ब्रेट त्या दिवसांत आजारी होता आणि चित्रीकरण त्याच्यासाठी थांबलं नाही.

आपल्याकडे मुख्य नट आजारी पडला की नाट्यगृहाच्या दारावर पाटी लागते, 'अपरिहार्य कारणामुळे आजचा प्रयोग रद्द'. तिकिटांचे पैसे परत मिळतात, माणूस बरा झाला की पुढची तारीख धरतात. इथे प्रयोग झाला, नायकाशिवाय झाला. आणि नायक तसा कुणीतरी नव्हता. दहा वर्षं त्याच भूमिकेत राहिलेला, ती भूमिका कुणापेक्षाही बारकाईने वाचलेला नट होता. हे प्रकरण मला तिथपासून मागे जाऊन तपासायचं आहे.

त्याला एक निमित्त झालं. मी हौशी रंगभूमीवर बरीच वर्षं दिग्दर्शन करतो, अधूनमधून कार्यशाळा घेतो. एकदा ब्रेटचा एक प्रसंग मुलांना दाखवला. संपल्यावर एका मुलाने विचारलं, "सर, होम्स करून करून हा वेडा झाला ना? भूमिका अंगात भिनली की असंच होतं म्हणे." त्याच्या डोळ्यांत भीती नव्हती, हेवा होता. आपणही एखादी भूमिका इतकी करावी की तिने आपल्याला गिळावं, असं त्याला वाटत होतं. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. आता देतो आहे.

'र' न येणारा मुलगा

ब्रेटचा जन्म ३ नोव्हेंबर १९३३चा, इंग्लंडच्या वॉरिकशायरमधल्या बर्क्सवेलचा. खरं आडनाव हगिन्स. वडील सैन्यात अधिकारी. मुलाने नट व्हावं हे त्यांना रुचलं नाही, निदान घराण्याचं नाव पोस्टरवर नको म्हणाले. मग त्याने अंगातल्या कोटाच्या आत शिवलेल्या लेबलवरचं नाव उचललं, ब्रेट. शाळा ईटनसारखी बडी, पण अभ्यासात अक्षरं डोळ्यांपुढे नाचायची. आज ज्याला आपण डिस्लेक्सिया म्हणतो तो त्रास त्याला होता. गळा मात्र गोड, शाळेच्या गायकवृंदात तो गायचा. सोळाव्या वर्षी संधिवाताचा ताप आला आणि जाताना हृदय कमकुवत करून गेला. ही गोष्ट पुढे लक्षात ठेवावी लागेल.

आणखी एक अडचण होती. त्याला 'र' म्हणता येत नसे. सतराव्या वर्षी जिभेवर शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर उच्चारांचा सराव सुरू झाला आणि तो त्याने आयुष्यभर सोडला नाही. होम्सची वाक्यं ऐकताना व्यंजन न् व्यंजन सुटं, धारदार, जणू सुरीने कापल्यासारखं ऐकू येतं. लोकांना वाटतं ही उच्चकुलीन इंग्रजीची देणगी. ती देणगी नव्हे, रोजचा रियाज होता. जे जन्मतः येत नाही ते कमवावं लागतं, आणि कमावलेल्या गोष्टीला एक वेगळीच धार असते.

लंडनच्या सेंट्रल स्कूल ऑफ स्पीच अँड ड्रामामध्ये शिक्षण झालं. १९५४मध्ये मँचेस्टरच्या लायब्ररी थिएटरमध्ये उमेदवारी सुरू झाली. १९५६मध्ये ओल्ड व्हिक या नाट्यसंस्थेबरोबर तो शेक्सपिअरची नाटकं घेऊन न्यूयॉर्कला गेला. १९६१मध्ये हॅम्लेट केला. 'माय फेअर लेडी' या १९६४च्या चित्रपटात तो प्रेमवेडा फ्रेडी होता. गाणारा नट असूनही त्याच्या गाण्याला दुसऱ्याचा, बिल शर्लीचा, आवाज वापरला गेला. १९६७पासून लॉरेन्स ऑलिव्हिएच्या नॅशनल थिएटरमध्ये चार वर्षं. तिथे सगळी पात्रं पुरुषांनी केलेल्या 'अ‍ॅज यू लाइक इट'मध्ये तो ऑर्लँडो होता. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये ऑलिव्हिए शायलॉक करत होता तेव्हा हा बसानिओ. स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनने लंडनला येऊन इब्सेनचं 'हेडा गाब्लर' बसवलं तेव्हा मॅगी स्मिथ हेडा आणि हा तिचा नवरा टेसमन. पुढे अमेरिकेत ड्रॅक्युला केला आणि लॉस एंजेलिसमधल्या एका होम्स-नाटकात चक्क वॉटसन, म्हणजे होम्सचा डॉक्टर मित्र. होम्स होता चार्ल्टन हेस्टन.

म्हणजे होम्सकडे येताना ब्रेटच्या पाठीशी जवळपास तीस वर्षांची तालीम होती, आणि त्यातली निम्मीअधिक देखण्या, प्रेमळ, उमद्या तरुणांच्या भूमिकांची. तो स्वतःही तसाच होता. मोठ्याने हसणारा, भेटेल त्याला मिठी मारणारा, माणसांत रमणारा. होम्स म्हणजे मला अगदी उलटा, असं तो मुलाखतींत सांगायचा. सुरुवातीला त्याला ही भूमिका फारशी नकोच होती. इतक्या जणांनी इतक्या वेळा केलेली, आपण नवं काय करणार?

सत्त्याहत्तर पानं

कॉनन डॉईल १९३० साली वारला. पन्नास वर्षं उलटून १९८० संपलं आणि ब्रिटनमध्ये त्याच्या कथा स्वामित्वहक्कातून मोकळ्या झाल्या. मँचेस्टरच्या ग्रॅनडा टेलिव्हिजनमधला निर्माता मायकेल कॉक्स याने ठरवलं, होम्स करायचा तर डॉईलचाच. पण हक्कांच्या कायदेशीर भानगडीत काम लांबलं आणि चित्रीकरण १९८३ला सुरू झालं. हा खोळंबा ब्रेटच्या पथ्यावर पडला. तो मधल्या काळात कथा पुन्हा पुन्हा वाचत बसला आणि वाचता वाचता त्याला कळलं, की पडद्यावर आजवर पाहिलेला होम्स आणि कागदावरचा होम्स ही दोन वेगळी माणसं आहेत. कागदावरचा जास्त चंचल आहे, जास्त एकटा आहे, आणि पुष्कळदा हसतो.

तिकडे कॉक्स आणि सहकाऱ्यांनी एक टिपणवही तयार केली. नाव 'द बेकर स्ट्रीट फाइल', पानं ७७. होम्स काय खातो, तंबाखू कुठे ठेवतो, वॉटसनला कोणत्या कथेत काय म्हणतो, खोलीत कोणती वस्तू कुठे आहे, अशी हजारावर नोंदींची. होम्सची म्हणून ओळखली जाणारी शिकारी टोपी गावाकडच्या प्रसंगांतच. लंडनमधला सभ्य गृहस्थ टॉप हॅट घालतो, म्हणून होम्सही घालणार. मूळ कथांना चित्रं काढणाऱ्या सिडनी पॅजेटच्या चौकटी समोर ठेवून कितीतरी दृश्यांची मांडणी केली गेली. आगगाडीच्या डब्यात समोरासमोर बसलेले दोघे पाहिले की मासिकाचं जुनं पान हलू लागल्यासारखं वाटतं.

ब्रेट त्याच्याही पुढे गेला. खुणांनी भरलेली होम्सची समग्र आवृत्ती घेऊन तो सेटवर यायचा. पटकथेतलं वाक्य मूळ वाक्यापासून ढळलं की भांडायचा. दिग्दर्शकांना हे जड जात असणार, मी समजू शकतो. संहितेची प्रत हातात धरून वाद घालणारा नट तालमीत असला की मीही दातओठ खातो. पण तो भांडत होता स्वतःच्या वाक्यांच्या संख्येसाठी नव्हे, डॉईलच्या वाक्यांसाठी. नाटकवाल्याला ही गोष्ट लगेच कळेल. शेक्सपिअर करताना तुम्ही ओळ बदलत नाही. अर्थ लागत नसेल तर दोष आपला, ओळीचा नाही, असं समजून तिच्याशी झटता. दूरदर्शन मालिकेत, जिथे संवाद सेटवर बदलतात, तिथे ब्रेटने ही रंगभूमीची शिस्त नेली.

आणि संहितेत जे नाही ते त्याने स्वतःपुरतं रचलं. होम्सचं एकाकी बालपण, त्याला सांभाळणारी दाई, कॉलेजचे दिवस. यातलं एक अक्षर पडद्यावर येणार नव्हतं. पण होम्स एखाद्या बाईकडे पाहून नजर का वळवतो, याचं कारण नटाच्या खिशात तयार होतं.

२४ एप्रिल १९८४ रोजी पहिला भाग दाखवला गेला, 'अ स्कँडल इन बोहेमिया'. ११ एप्रिल १९९४ला शेवटचा. एकूण ४१ भाग, त्यातले ३६ तासाभराचे आणि ५ चित्रपटाएवढे लांब.

हात, हसू आणि एक हाक

रंगभूमीवरचा नट कॅमेऱ्यासमोर आला की त्याला पहिली सूचना मिळते, 'कमी कर'. आपले कितीतरी चांगले नट या सूचनेने आखडतात, मग चेहराही हलत नाही आणि माणूसही दिसत नाही. ब्रेटने कमी केलं नाही, वेळ बदलली. त्याचं होम्सचं हसू पाहा. ओठांच्या कडा झटक्यात वर जातात आणि पापणी लवायच्या आत चेहरा पुन्हा दगड. हसू मोठंच आहे, शेवटच्या रांगेला दिसेल एवढं, फक्त ते अर्ध्या सेकंदात संपतं. तेच हाताचं. समोरचा माणूस कंटाळवाणं बोलू लागला की बोटं हवेत फडफडतात, माशी हाकलल्यासारखी, आणि लगेच गुडघ्यावर निपचित. तेच आवाजाचं. कुजबुजीत सुरू झालेलं वाक्य मध्येच फटाक्यासारखं फुटतं आणि पुन्हा कुजबुजीत विझतं. आकार रंगभूमीचा, कालावधी कॅमेऱ्याचा. मला तरी त्याच्या सगळ्या किमयेचं मर्म यात दिसतं.

शरीर तर त्याचं हत्यारच होतं. सोफ्यावरून उडी, जमिनीवर पालथं पडून गवत हुंगणं, खुर्चीत पाय दुमडून पक्ष्यासारखं बसणं. गोरा-फिकट रंगवलेला चेहरा, चोपून मागे नेलेले केस, काळा कोट. पन्नाशीच्या आतबाहेरचा हा माणूस खोलीत शिरला की खोलीतलं फर्निचर सावध होतं.

एक प्रसंग मी मुलांना हमखास दाखवतो. एप्रिल १९८८मधला 'द डेव्हिल्स फूट'. होम्स आणि वॉटसन एका विषारी भुकटीचा स्वतःवर प्रयोग करतात, दिव्यावर ती जाळतात. धुराने होम्सचं भान जातं, भयंकर दृश्यं दिसू लागतात. वॉटसन त्याला ओढत बाहेर मोकळ्या हवेत आणतो. शुद्धीवर येताना होम्स ओरडतो, "जॉन!" साऱ्या मालिकेत तो मित्राला आडनावाने हाक मारतो, त्या काळच्या पुरुषांच्या रीतीप्रमाणे. हे एकच नाव ब्रेटने स्वतः घातलेलं. शब्दासाठी भांडणाऱ्या नटाने एकदा शब्द बदलला, तोही अशा क्षणी जेव्हा रीतभात पाळायला होम्स शुद्धीवरच नाही. नियम कुठे मोडायचा हे नियम पाळणाऱ्यालाच कळतं, ते असं.

त्याच भागात आणखी एक बदल आहे. होम्स आपली कोकेनची सुई समुद्रकिनाऱ्यावर वाळूत पुरतो. कथेत हे नाही. मुलं ही मालिका पाहतात, हे ब्रेटला जाणवू लागलं होतं. त्याने डॉईलची मुलगी डेम जीन कॉनन डॉईल हिची संमती घेतली आणि मग ते दृश्य केलं. लेखकाच्या वारसाला विचारूनच.

१९८५ नंतर

इथून प्रकरण अवघड होतं.

पहिल्या तेरा भागांत वॉटसन होता डेव्हिड बर्क. त्याचा मुलगा लहान होता, घरच्यांबरोबर राहता यावं म्हणून त्याने रॉयल शेक्सपिअर कंपनीत जायचं ठरवलं. जाताना आपल्या जागी एडवर्ड हार्डविकचं नाव सुचवून गेला. बदली इतकी सुरेख झाली की प्रेक्षकांनी दोन्ही वॉटसनांना आपलं मानलं. हार्डविकही ऑलिव्हिएच्या नॅशनल थिएटरमधलाच, त्यामुळे भाषा एकच. ब्रेटच्या आयुष्यातला हा मोठा आधार ठरला.

कारण ४ जुलै १९८५ रोजी त्याची बायको जोन विल्सन कर्करोगाने गेली. ती अमेरिकेत बॉस्टनच्या सार्वजनिक वाहिनीवर ब्रिटिश मालिका आणणारी निर्माती, होम्सलाही तिनेच तिकडे पोचवलं होतं. त्यानंतर काही महिन्यांतच ब्रेट कामावर परतला. पुढच्या मालिकेचं नाव 'द रिटर्न ऑफ शेरलॉक होम्स', त्यात मेला म्हणून समजलेला होम्स जिवंत परत येतो. ते भाग १९८६च्या जुलैपासून दाखवले गेले. त्याच वर्षी ब्रेटला मानसिक आजारामुळे इस्पितळात दाखल करावं लागलं. निदान झालं मॅनिक डिप्रेशन, आजच्या भाषेत बायपोलर डिसऑर्डर. कधी उन्मादाची लाट, कधी खोल औदासीन्य.

त्या मुलाच्या प्रश्नाकडे आता येतो. 'होम्सने ब्रेटला वेडं केलं' ही गोष्ट ऐकायला फार आकर्षक आहे. तिला पुरवण्याही जोडतात. नॅशनल थिएटरमधला त्याचा सहकारी रॉबर्ट स्टीफन्स याने १९७०च्या बिली वाइल्डरच्या चित्रपटात होम्स केला होता आणि त्या काळात तोही मनाने पार खचला होता. झालं, शाप सिद्ध! पण मग ज्यांनी होम्स करून सुखाने म्हातारपण काढलं त्यांचं काय? बायपोलर हा आजार आहे. त्याची मुळं मेंदूत आणि शरीरात असतात, मोठा शोक किंवा झोपेची आबाळ त्याला उठवू शकते. ब्रेटच्या बाबतीत शोक होता, कामाचा ताण होता. भूमिकेने आजार दिला असं म्हणणं म्हणजे मधुमेह झालेल्या नटाला 'मिठाईवाल्याची भूमिका भोवली' म्हणण्यासारखं आहे. आणि असं म्हणणाऱ्यांचं एक वाईट होतं. नट खरोखर आजारी पडला की ते त्याला डॉक्टरकडे नेत नाहीत, टाळ्या वाजवतात.

मग भूमिकेचा काहीच संबंध नाही? आहे, पण निराळा. माझं वाचन असं आहे की ब्रेटला तोलून धरणाऱ्या काही गोष्टी होत्या आणि त्या एकेक करून सुटत गेल्या.

सप्टेंबर १९८८मध्ये त्याने होम्सला रंगभूमीवर नेलं. लंडनच्या विंडहॅम्स थिएटरमध्ये 'द सीक्रेट ऑफ शेरलॉक होम्स', लेखक मालिकेच्याच पटकथा लिहिणारा जेरेमी पॉल, पात्रं दोनच, ब्रेट आणि हार्डविक. सुमारे वर्षभर ते चाललं, मग दौऱ्यावर गेलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, हीच ती चूक. मालिका करून थकलेल्या, नुकत्याच इस्पितळातून सावरलेल्या माणसाने आठवड्याला आठ प्रयोग कशासाठी करावेत? नंतर मत बदललं. नाटकात संध्याकाळी पडदा उघडतो आणि दोन-अडीच तासांनी पडतो. टाळ्या होतात, नट वाकून नमस्कार करतो, रंग पुसतो, घरी जातो. भूमिकेला रोज शेवट असतो. मालिकेत पहाटे मेकअपला बसायचं, शेवटचा प्रसंग आधी आणि पहिला नंतर करायचा, मध्ये तासन् तास प्रकाशयोजना होईस्तोवर त्याच कपड्यांत बसून राहायचं. अशी दहा वर्षं. आपल्याकडे जे नट दिवसा मालिकेचं चित्रीकरण आणि शनिवार-रविवारी नाटकाचे प्रयोग करतात, त्यांना विचारलं तर बरेच जण सांगतात की थकवा मालिकेने येतो आणि नाटकाने उतरतो. ब्रेटचंही तसंच असावं असं मला वाटतं. निदान त्या वर्षी संहिता त्याच्या हातात होती, सोबतीला हार्डविक होता आणि दररोज पडदा पडत होता.

पाण्याने जड झालेलं शरीर

आजारावर लिथियम सुरू झालं. औषध गरजेचं होतं, यात शंका नको. पण त्याने अंगात पाणी साठू लागलं, वजन वाढलं, हालचाल मंदावली. सोळाव्या वर्षापासून कमकुवत असलेलं हृदय, त्यात सिगारेटचं भयंकर व्यसन. ज्याचं शरीर हत्यार होतं त्याचं शरीरच बदललं. १९८४चा भाग आणि १९९३चा भाग लागोपाठ पाहिला तर काळजात चर्र होतं. चेहरा सुजलेला, श्वास तोकडा, उडी नाही, धाव नाही.

तरी नट संपला नव्हता. जानेवारी १९९२च्या 'द मास्टर ब्लॅकमेलर'मध्ये होम्स प्लंबरचं सोंग घेऊन एका मोलकरणीशी सलगी करतो, घरातली माहिती काढायला. डॉईलने हे दोन-चार ओळींत उरकलंय. इथे प्रसंगच लिहिला आहे. ती त्याला चुंबन मागते आणि तो खालच्या आवाजात सांगतो की ते मला येत नाही. सोंगातला प्लंबर बोलतोय की सोंगाच्या आतला होम्स, हे कळत नाही. ब्रेट जागचा हलत नाही. पूर्वी जे हात बोलायचे ते आता मांडीवर पडून आहेत आणि सगळं काम डोळे करतात. पाठीवरचं ओझं वाढलं म्हणून त्याने चाल बदलली. तीस वर्षांची तालीम ही अशी उपयोगी पडते.

पण याच सुमारास दुसरी एक गोष्ट झाली, आणि या प्रकरणात मला सगळ्यात जास्त राग तिचा येतो. 'इन्स्पेक्टर मोर्स' ही दोन तासांचे भाग असलेली मालिका लोकप्रिय झाली होती. वाहिनीला होम्सही दोन तासांचा हवा झाला. 'द साइन ऑफ फोर' किंवा 'बास्करव्हिल्स' या कादंबऱ्याच आहेत, त्या लांबीला पेलतात. पण १९९३च्या जानेवारी-फेब्रुवारीत दाखवलेले 'द लास्ट व्हँपायर' आणि 'द एलिजिबल बॅचलर' हे काही पानांच्या कथा ओढून ताणून केलेले चित्रपट आहेत. नवी पात्रं, भुताखेतांचं वातावरण, होम्सला पडणारी भयाण स्वप्नं. सत्त्याहत्तर पानांची वही बाजूला पडली.

याचा नटावर काय परिणाम होतो? घट्ट संहिता नटाला धरून ठेवते. बरं नसतानाही, मन थाऱ्यावर नसतानाही, वाक्य शुद्ध म्हटलं तर निम्मं काम वाक्य करतं. ताप अंगात असताना स्पर्धेत उभे राहिलेले माझे नट मी पाहिलेत, त्यांना पाठांतराने तारलंय. सैल संहिता मात्र सगळं नटाकडून मागते. रिकाम्या जागा तू भर म्हणते. ब्रेटची प्रकृती सगळ्यात नाजूक होती तेव्हा त्याच्या हातातून डॉईल काढून घेतला आणि त्याला होम्सची दुःस्वप्नं करायला सांगितली. लोकांनी मग म्हटलं, पाहा, होम्स आणि ब्रेट एकच झाले. नाही हो. आजारी माणसाकडून आजारपण करून घेतलं जात होतं.

पर्यायी नटाची सोयही नव्हती. नाटकात 'अंडरस्टडी' असतो, त्याच भूमिकेची तालीम करून विंगेत तयार. त्यामुळे नट आजारी पडू शकतो, ही त्याची मुभा असते. दहा वर्षं एकच चेहरा होम्सचा म्हणून लोकांनी मानला की त्या चेहऱ्याला आजारी पडायची मुभा उरत नाही. सुट्टी द्यायची किंवा मालिका थांबवायची, एवढेच दोन उपाय होते. सगळ्या साठ कथा पूर्ण करायची ब्रेटची स्वतःची इच्छा होती. म्हणून दोष सगळा निर्मात्यांचा, असंही मी म्हणणार नाही. 'थांबू या' हे त्यानेही म्हटलं नाही. नट ते क्वचितच म्हणतो. म्हणून ते दुसऱ्या कुणीतरी म्हणावं लागतं.

१९९४मध्ये शेवटचे सहा भाग आले, पुन्हा तासाभराचे, पुन्हा डॉईलच्या कथांजवळ जाणारे. त्यातला 'द डाइंग डिटेक्टिव्ह' पाहणं कठीण आहे. कथेत धडधाकट होम्स मरणासन्न असल्याचं नाटक करतो. इथे खरोखर आजारी असलेला नट, धडधाकट माणसाने केलेलं आजारपणाचं नाटक करत होता. चित्रीकरणाच्या त्या महिन्यांत तो सेटवर कोसळला होता, श्वासाला त्रास होत होता. मग 'मॅझरिन स्टोन' आला आणि त्याच्या वाट्याचा तपास मायक्रॉफ्टने केला.

पुढच्या वर्षी, आपल्या आजाराबद्दल उघडपणे बोलत, ब्रेटने मॅनिक डिप्रेशनच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेकरता रेडिओवरून आवाहन केलं. १२ सप्टेंबर १९९५ रोजी लंडनमधल्या क्लॅपमच्या घरी झोपेत हृदय बंद पडून तो गेला. वय ६१. कारण हृदय, होम्स नव्हे.

त्या मुलाला मी पुढच्या कार्यशाळेत शेवटच्या भागाचा, 'द कार्डबोर्ड बॉक्स'चा, शेवट दाखवला. शेवटचा आहे हे आधी सांगितलं नाही. खून उलगडलेला आहे, कुणालाच आनंद नाही. होम्स वॉटसनला विचारतो की दुःखाच्या, हिंसेच्या, भीतीच्या या चक्राला अर्थ काय. शब्द डॉईलचेच, थोडे इकडेतिकडे. शरीर स्थिर, हात खाली. मी मुलाला म्हटलं, डोळे मिटून फक्त ऐक. त्याने ऐकलं. मग पुन्हा लावायला सांगितलं, आणि तिसऱ्यांदाही. "मिझरी," तो हळूच त्याच्यासारखं म्हणून पाहत होता, "ग्रेट... रीझन..." मी त्याला विचारलं, काय ऐकतोयस? म्हणाला, "सर, याचा 'र' किती स्वच्छ आहे."